आगगाडीतील आग



‘आगगाडी’ हा शब्द आपण अगदी लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण त्या शब्दातील ‘आग’ आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? मी हा प्रश्न एकदा आठवीच्या वर्गात विचारला, तेव्हा मागच्या बाकावरून उत्तर आले, “बाई, गाडीत आग दिसली तर साखळी ओढायची असते!” सारा वर्ग हसला. मीही हसले, परंतु त्या मुलाचे काही चुकले नव्हते. आज आपल्या स्थानकावर येणाऱ्या गाड्या विजेवर किंवा डिझेल तेलावर चालतात. आग गेली, शब्द मात्र मागे राहिला. जुन्या वाड्याचे जोते शिल्लक असावे आणि वाडा कुठेच दिसू नये, तशी या शब्दाची स्थिती झाली आहे.

हा वाडा अजून काही ठिकाणी उभा आहे. वाफेची इंजिने जपून, ती प्रत्यक्ष रुळांवर चालविणाऱ्या काही गाड्या आपल्या देशात आहेत. अशा एका गाडीतून, निलगिरीच्या डोंगरी रेल्वेतून, प्रवास करण्याची संधी मला दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत मिळाली. त्या प्रवासात काय पाहिले, ते यंत्र कसे चालते आणि एवढा खटाटोप करून ते का जपावे, हे या लेखात सांगण्याचा विचार आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. इ. स. १८२५ मध्ये इंग्लंडात स्टॉकटन ते डार्लिंग्टन या मार्गावर वाफेच्या इंजिनाने सार्वजनिक लोहमार्गावर गाडी ओढली. त्यानंतर अवघ्या अठ्ठावीस वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी निघाली. पुढील शंभरसव्वाशे वर्षे वाफ हीच आपल्या रेल्वेची मुख्य शक्ती होती. आपल्या गोव्याचा लोहमार्गही त्याच काळातला. मुरगाव बंदरापासून कुळ्यापर्यंत आणि तेथून सह्याद्री चढून कॅसलरॉकपर्यंत तो एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात बांधला गेला. चित्तरंजन येथील कारखान्यातून शेवटचे वाफेचे इंजिन १९७२ साली बाहेर पडले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस नेहमीच्या वाहतुकीतून वाफ जवळजवळ नाहीशी झाली.

ती पुरती नाहीशी होऊ नये म्हणून जे प्रयत्न झाले, त्यांतील एक फार बोधप्रद आहे. वेल्समध्ये टॅलिलिन नावाची एक लहानशी रेल्वे होती. खाणीतील पाटीचा दगड वाहून नेण्यासाठी ती बांधलेली होती. ती बंद पडण्याच्या बेतात असताना सामान्य नागरिकांनी एकत्र येऊन १९५१ पासून ती स्वयंसेवकांच्या बळावर चालविण्यास घेतली. हिशेबनीस, शिक्षक, दुकानदार असे लोक सुट्टीच्या दिवशी हातात फावडे घेऊन इंजिनावर चढू लागले. आपल्या देशात दार्जिलिंगची चिमुकली गाडी १८८१ पासून धावत असून १९९९ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा मान दिला. १८५५ मध्ये इंग्लंडात बनलेले ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन दुरुस्त करून १९९७ पासून दिल्ली-अलवर मार्गावर पर्यटकांची गाडी ओढू लागले, तेव्हा त्याचे वय एकशेबेचाळीस वर्षांचे होते. निलगिरीच्या रेल्वेला युनेस्कोचा मान २००५ साली मिळाला.

निलगिरीची ही रेल्वे तमिळनाडूत मेट्टुपाळयम या पायथ्याच्या गावापासून उदकमंडलम, म्हणजेच उटीपर्यंत जाते. तिची लांबी सुमारे शेहेचाळीस किलोमीटर. पायथ्याचे स्थानक समुद्रसपाटीपासून सुमारे ३२५ मीटर उंचीवर, तर उटी सुमारे २२०० मीटर उंचीवर. वाटेत २०८ वळणे, १६ बोगदे आणि लहानमोठे २५० पूल आहेत. या मार्गाची कल्पना १८५४ मध्ये निघाली, परंतु कुन्नूरपर्यंत गाडी पोहोचली ती १८९९ साली आणि उटीपर्यंत १९०८ साली. मधली पंचेचाळीस वर्षे कशात गेली? पैशाची अडचण होतीच. पण मुख्य प्रश्न चढाचा होता.

हा प्रश्न नीट समजून घेऊ. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार कमी घर्षणाने फिरते. सपाटीवर हा मोठाच गुण होय. त्यामुळेच एक इंजिन शेकडो टन ओझे ओढू शकते. परंतु चढावर हाच गुण दोष ठरतो. चाकाला रुळावर पुरेशी पकड मिळत नाही आणि ते जागच्या जागी गरगरू लागते. पावसाने रूळ ओले झाले तर विचारायलाच नको. मग रुळांवर वाळू टाकावी लागते. आपल्या घाटात सुमारे चाळिसात एक असा चढ आहे, म्हणजे चाळीस पावले पुढे गेले की एक पाऊल उंची वाढते. एवढ्या चढासाठीसुद्धा जड गाडीला मागून जोर देणारी जादा इंजिने लावावी लागतात, हे तुमच्यापैकी अनेकांनी कुळ्यास पाहिले असेल. निलगिरीत तर काही ठिकाणी बारात एक असा चढ आहे! तेथे नुसत्या चाकाच्या पकडीवर विसंबणे शक्यच नव्हते.

यावर स्वित्झर्लंडमधील आब्ट या अभियंत्याने काढलेला उपाय येथे वापरला आहे. दोन रुळांच्या मधोमध दातेरी पोलादी पट्ट्यांची एक जोडी बसविलेली असते. इंजिनाच्या पोटाखाली दंतचक्रे असतात. त्यांचे दात पट्टीच्या दातांत अडकतात आणि माणूस शिडीची एकेक पायरी धरून चढावा, तसे इंजिन एकेक दात धरून डोंगर चढते. पट्ट्या एकाऐवजी दोन का, असे तुम्ही विचाराल. त्यांचे दात एकमेकांसमोर नसून आळीपाळीने येतील असे बसविलेले असतात. त्यामुळे एका पट्टीवरील दात सुटत असताना दुसऱ्या पट्टीवरील दात पक्का धरलेला असतो. शिडी चढताना आपण एक हात सोडण्यापूर्वी दुसरा घट्ट धरतो, त्यातलाच हा प्रकार. कल्लार ते कुन्नूर या सुमारे वीस किलोमीटरांत गाडी अशा रीतीने जवळजवळ तेराशे मीटर उंची चढते.

आता इंजिनाकडे वळू. भट्टीत आग पेटलेली असते. तिच्यातील उष्ण वायू बॉयलरमधील अनेक नळ्यांतून जातात आणि सभोवतालचे पाणी उकळवतात. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती मोकळ्या हवेत सोळाशे लिटरांहून अधिक जागा व्यापते. तिला मोकळे न सोडता बंद बॉयलरात कोंडले की तिचा दाब वाढतो. ही कोंडलेली वाफ सिलिंडरमध्ये सोडली की ती दट्ट्याला ढकलते, दट्ट्या दांड्याला आणि दांडा चाकाला. काम करून निघालेली वाफ धुराड्यातून जोराने वर फेकली जाते. त्या झोताबरोबर भट्टीतील धूरही वर ओढला जातो आणि खालून ताजी हवा आगीला मिळते. आगगाडीचा तो ‘झुक् झुक्’ असा आवाज म्हणजे याच श्वासाचा आवाज. इंजिन जितके जास्त राबते तितका झोत जोराचा, आणि झोत जितका जोराचा तितकी आग प्रखर.

निलगिरीच्या इंजिनांत आणखी एक चातुर्य आहे. ही इंजिने मूळची स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथील कारखान्यातून आलेली. त्यांना दोनऐवजी चार सिलिंडर असतात. सपाटीवर त्यांतील दोनच काम करतात आणि नेहमीची चाके फिरवितात. दातेरी मार्ग सुरू झाला की त्या दोहोंतून निघालेली वाफ फुकट न घालविता उरलेल्या दोन सिलिंडरांत नेली जाते आणि ती दंतचक्रे फिरविते. एकदा राबलेल्या वाफेकडून पुन्हा काम करून घेण्याची ही काटकसर कोणत्याही गृहिणीस आवडावी अशीच आहे.

आमची गाडी मेट्टुपाळयमहून सकाळी सातच्या सुमारास सुटली. इंजिन पुढे नव्हते, मागे होते. याचे कारण सहप्रवाशांपैकी अनेकांना ठाऊक नव्हते. चढावर डब्यांची जोडणी तुटली तर डबे मागे घरंगळून दरीत कोसळतील. इंजिन खालच्या बाजूस असले की ते डब्यांना पाठीशी घेऊन उभे राहते. पण मग ड्रायव्हरला पुढचा मार्ग कसा दिसणार? त्यासाठी सर्वांत पुढच्या डब्याच्या सज्जावर एक कर्मचारी हातात लाल-हिरवी निशाणे घेऊन उभा असतो. प्रत्येक डब्यावर हाताने ब्रेक लावणारा असाच एक माणूस असतो. इंजिनाची शिट्टी ऐकून हे सारे जण ब्रेक आवळतात वा सैल करतात. गाडी एका माणसाच्या हातात नसून ती पाचसहा माणसांच्या परस्परविश्वासावर चालते, हे तेथे प्रत्यक्ष दिसते.

कल्लार मागे पडले आणि पोटाखालून खडखडाट सुरू झाला. दात दातांत बसले होते. वेग इतका मंदावला की शेजारून धावणारा मुलगाही पुढे गेला असता. सुपारीच्या बागा संपून घनदाट रान लागले. एका बाजूस ओला काळा कातळ, दुसऱ्या बाजूस खोल दरी. बोगदा आला की डब्यांतील मुले ओरडत आणि बाहेर येताच एकमेकांच्या नाकावरील काजळी पाहून खिदळत. मध्येच एका रानातल्या स्थानकावर गाडी थांबली. इंजिनाला पाणी प्यायचे होते. सारे प्रवासी खाली उतरले. कोणी चहा घेतला, कोणी छायाचित्रे काढली. मी इंजिनाजवळ जाऊन उभी राहिले.

येथे मला माझ्या आजोबांविषयी सांगितले पाहिजे. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांनी ते आपल्या घाटातील गाड्यांवर फायरमन म्हणून लागले आणि डिझेल इंजिने येईपर्यंत त्यांनी तेच काम केले. त्यांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग होते. आम्ही नातवंडे त्या डागांना हात लावून पाहत असू. पण ते कसे पडले हे आम्ही कधी विचारले नाही आणि त्यांनीही कधी सांगितले नाही. त्यांचे एक वाक्य मात्र घरात सर्वांच्या तोंडी होते. न्हाणीतील तांब्याच्या भाणाखाली कोणी लाकडे सारू लागले की ते ओसरीवरून कोंकणीत ओरडत, “पयलीं उदक पळय, मागीर उजो!” म्हणजे, आधी पाणी पाहा, मग आग. म्हाताऱ्या माणसाची ती एक सवय, असे समजून आम्ही हसत असू. मी महाविद्यालयात असताना ते वारले.

त्या रानातल्या स्थानकावर इंजिनाचा फायरमन पुन:पुन्हा एका काचेच्या नळीकडे पाहत होता. आगीकडे त्याचे लक्ष नंतर जाई. मी त्यास कारण विचारले. त्याने मोडक्या हिंदीत सांगितले ते असे : ही नळी बॉयलरमधील पाण्याची पातळी दाखविते. भट्टीचा माथा सदैव पाण्याखाली बुडालेला असला पाहिजे. पाणी कमी होऊन तो उघडा पडला तर पत्रा लाल होतो, मऊ पडतो आणि वाफेच्या दाबाने फाटतो. मग इंजिनावर कोणी जिवंत राहत नाही. घाटात तर अधिकच जपावे लागते, कारण इंजिन तिरपे होते, तसे आतले पाणीही एका बाजूस सरते आणि नळीतील पातळी फसवू शकते.

म्हणजे आजोबांचे ते वाक्य सवयीचे नव्हते. ते आमच्या घाटातील चढावर, पावसाळी रात्री, मागेपुढे प्रवाशांनी भरलेले डबे असताना त्यांनी वर्षानुवर्षे पाळलेला नियम होता. त्या नियमावर शेकडो माणसांचे प्राण अवलंबून होते आणि आम्ही तो न्हाणीतला विनोद समजत होतो. इंजिनाने शिट्टी दिली तेव्हा मी डब्यात येऊन बसले खरी, पण कुन्नूर येईपर्यंत मला बाहेरची शोभा फारशी दिसली नाही.

कुन्नूरला दातेरी मार्ग संपतो. तेथे वाफेचे इंजिन बाजूला होते आणि उरलेला मार्ग गाडी डिझेल इंजिनाने जाते. शेहेचाळीस किलोमीटर जाण्यास आम्हाला सुमारे पाच तास लागले. मोटारीने याहून कितीतरी लवकर पोहोचता येते.

मग हा सारा खटाटोप कशासाठी? परत आल्यावर मी ही हकीकत वर्गात सांगितली, तेव्हा एका विद्यार्थिनीने नेमका हाच प्रश्न केला. “बाई, धूर होतो, वेळ लागतो, खर्च होतो. मग ते इंजिन रंगवून एखाद्या संग्रहालयात का ठेवू नये?” प्रश्न योग्य होता. वाफेचे इंजिन इंधनातील शक्तीचा फारच थोडा भाग कामी आणते. बाकीची उष्णता धुराड्यातून निघून जाते. त्याने आपली सर्व वाहतूक पुन्हा ओढावी असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. जुन्या काळी फायरमनच्या फुप्फुसांत जाणारी धूळ आणि अंगाला लागणारी धग यांचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही. माझ्या आजोबांनी आपल्या मुलांपैकी एकालाही इंजिनावर जाऊ दिले नाही, हेही मी येथे प्रांजळपणे नमूद करते.

तरीही संग्रहालयातील इंजिन आणि चालते इंजिन यांत एक मोठा फरक आहे. चौथऱ्यावरील इंजिन आपल्याला त्याचा आकार दाखविते. परंतु नळीतील पाणी कसे वाचावे, चढ येण्याआधी किती इंधन घालावे, कोणत्या आवाजावरून काय बिघडले हे ओळखावे, ही विद्या चौथऱ्यावर राहत नाही. ती माणसांच्या हातांत आणि कानांत असते. जुना फायरमन नव्याला शेजारी उभा करून ती देतो. इंजिन थांबले की देणाऱ्याला देण्याचे कारण उरत नाही आणि एका पिढीत ती विद्या नाहीशी होते. पुस्तके उरतात, पण पोहण्याचे पुस्तक वाचून कोणी पोहत नाही.

निलगिरीत ही विद्या जिवंत राहिली, याचा एक पुरावा देते. जुनी स्विस इंजिने थकत चालली, तेव्हा तिरुचिरापल्ली येथील गोल्डन रॉक कारखान्यात आपल्याच कारागिरांनी या शतकात त्याच धर्तीची नवी इंजिने बांधली. प्रथम तेलावर चालणारी झाली आणि २०२१ साली कोळशावर चालणारेही तयार झाले. ज्या इंजिनाचा मूळ कर्ता परदेशातील होता, ते शंभर वर्षांनी आपल्या हातांनी पुन्हा घडविता आले, याचे कारण मधल्या काळात ते रोज चालत राहिले, रोज बिघडत राहिले आणि रोज दुरुस्त होत राहिले. पावसाळ्यात दरडी कोसळून हा मार्ग अनेकदा बंद पडतो. तेव्हा तो पुन्हा मोकळा करणारे मार्गावरील कामगारही या वारशाचे तितकेच रक्षक आहेत.

तुमच्यापैकी कोणास असा प्रवास घडला तर माझ्या तीन सूचना ध्यानात ठेवा. तिकीट बरेच आधी काढून ठेवा, कारण डबे थोडे आणि इच्छुक पुष्कळ असतात. बोगद्यांत आणि कातळाजवळ हात वा डोके बाहेर काढू नका. डब्याची भिंत आणि कडा यांत फार अंतर नसते. आणि गाडी पाण्यासाठी थांबेल तेव्हा केवळ स्वतःचे छायाचित्र काढून परतू नका. इंजिनावरील माणसांच्या कामात अडथळा न आणता, दूर उभे राहून ते काय करीत आहेत ते पाहा आणि त्यांना वेळ असेल तर विचारा. त्यांना सांगायला आवडते.

पण एवढ्यासाठी निलगिरीस जाण्याचीही गरज नाही. नेरळहून माथेरानला १९०७ पासून जाणाऱ्या गाडीवर पूर्वी वाफेची इंजिने होती. आपल्या घाटातही होती. ती गेली, पण त्या काळातील माणसे आपल्या गावांत अजून कोठे कोठे आहेत. कोणी रुळांची देखभाल केली असेल, कोणी सांध्यावर काटे बदलले असतील, कोणी भट्टीत कोळसा घातला असेल. आता ती फार वृद्ध झाली आहेत. तुमच्या घरातील वा शेजारच्या अशा एखाद्या आजोबांपाशी या सुट्टीत जाऊन बसा. त्यांच्या हातावर डाग असतील तर ते कशाचे, हे विचारा. आणि ते जे सांगतील ते वहीत त्यांच्याच भाषेत लिहून ठेवा, मग ती मराठी असो, कोंकणी असो वा कन्नड.

हे मी विचारावयास हवे होते. माझ्यापाशी वीस वर्षांची संधी होती. आता आमच्या घरी न्हाणीत विजेचे यंत्र आले आहे आणि तांब्याचे भाण माळ्यावर पडून आहे. तरी कधी तरी सणासुदीला ते खाली काढून चूल पेटविली जाते. अशा वेळी माझी सात वर्षांची भाची काटक्या घेऊन पुढे सरसावली की मी तिला थांबविते आणि आजोबांचे वाक्य म्हणते. तिने त्याचे कारण विचारले, तेव्हा तिला ते सांगायला मला बरोबर अर्धा तास लागला, आणि तोवर पाणी तापले होते.